मैलोबाची आंघोळ

राजकन्या बिराजदारला रागवायला माणूस लागत नसे, एखादी जुनी इमारत पुरायची. बारवेच्या पायऱ्यांवर बाथरूमच्या फरशा बसवलेल्या दिसल्या की तिचं डोकं भणकायचं. द्वारपालाला चंदेरी रंग, गढीच्या बुरुजावर वाढदिवसाचं फ्लेक्स, कमानीच्या दगडात कुण्या रिकामटेकड्यानं कोरलेला बदाम आणि त्यात दोन इंग्रजी अक्षरं. घरात घुसून कुणी थोबाडीत मारावी तसं हे सगळं तिला लागायचं. "बापजाद्यांनी एवढं करून ठेवलं, आणि ह्यांना ते नुसतं बघत बसणंही जमंना," असं म्हणून ती गाडीचं दार असं आपटायची की एक दिवस ते हातात येणार, याची तिच्या नवऱ्याला खात्री होती.

नवरा म्हणजे गुरुलिंग. नांदेडात त्याचं रंगाचं दुकान. राजकन्या अर्धापूरच्या शाळेत गणित शिकवायची आणि रविवार उजाडला की जुनी वॅगनआर काढायची. देगलूरकडं, उदगीरकडं, नाहीतर लातूरवरून थेट माहेरच्या निलंग्याकडं. गाडी ती चालवायची. गुरुलिंग डावीकडं बसून ब्रेक दाबायचा, त्याच्या बाजूला ब्रेक नसला तरी. पडकी मशीद, बारव, निजामाच्या वेळचा डाकबंगला, विसरलेला पूल, जे दिसेल तिथं थांबायचं. त्यानं टेप धरायचा, तिनं मापं घ्यायची, चारी बाजूंनी फोटो काढायचे, आणि रात्री फेसबुकावरच्या तिच्या 'वाटेवरचा मराठवाडा' या पानावर सगळं टाकायचं. पानाला वाचक बरे होते. शिव्या वाचायला लोकांना आवडतंच, आणि राजकन्या फोटोखाली शिव्या सढळ हातानं घालायची.

त्यातल्या निम्म्या नवऱ्याला असत. "अर्ध्या जिल्ह्याची देवळं तुमच्या डब्यांनी बुडवली," ती म्हणायची.

"अगं, मी डबा विकतो. देवळाला फास म्हणून कुठं सांगतो?"

"दारू विकणारा बी असंच म्हणतो."

गुरुलिंग लिंगायत घरातला, शांत माणूस. तो पाण्याची बाटली उघडायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. पण ऑइल पेंट परवडला, शेंदूर नको, हे त्यालाही तिच्या संगतीत पटलेलं. रंगाखाली निदान आकार कळतो. शेंदरानं वीरगळाचा मारुती होतो आणि सतीच्या दगडाची मरीआई. एकदा शेंदूर बसला की दगड मुका झाला, असं राजकन्याचं मत होतं, आणि ते मत ती भर पंगतीत सुद्धा मांडायची.

मैलोबा तिला सापडला तो नावावरून. निलंग्याच्या पुढं, कर्नाटकच्या बाजूला, एका फाट्यावर पानटपरीत चहा घेताना मागच्या पाटीवर तिनं वाचलं: मैलोबा फाटा. माहेरच्या वाटेवर हे नाव तिनं शंभरदा ऐकलं असेल. त्या दिवशी मात्र तिचा चहा बशीत सांडला. म्हसोबा, विठोबा, खंडोबा ठीक. मैलोबा कोण?

चिंचेखाली तो बसला होता. कमरेएवढा उंच, गोल डोक्याचा, शेंदराचे थरावर थर चढून आंब्याच्या कोयीसारखा फुगलेला. कपाळाला चांदीचे डोळे. बाजूला नारळाच्या करवंट्यांचा ढीग. नव्या ट्रॅक्टरापासून लग्नाच्या जीपपर्यंत प्रत्येक गाडी तिथं थांबायची, कारण मैलोबा वाट राखतो, घरी नीट पोचवतो. त्याचं सगळं नागाबाई करायची. सत्तरीच्या पुढची, तिथंच शेताच्या कडेला राहणारी एकटी बाई. नवरा ट्रकवर होता, कधीतरी गेला तो परत आला नाही. आला नाही म्हणून तिनं मैलोबाला सोडलं नाही, उलट दुसऱ्यांचे नवरे तरी नीट पोचावेत म्हणून रोज सकाळी तेल, शेंदूर आणि दिवा चालू ठेवला.

राजकन्यानं दगडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. नागाबाईला वाटलं, प्रदक्षिणा घालतेय.

"मावशी, ह्याला कधी आंघोळ घातली का?"

"घालतो की, पाडव्याला. वरून पाणी."

"वरून न्हाई. नीट, खालपर्यंत. एवढं ओझं अंगावर घेऊन बसलाय, मोकळा करू की त्याला."

हे बोलताना राजकन्या खोटं बोलली नाही, पण खरंही बोलली नाही. आपल्याला शेंदराखालची अक्षरं बघायची आहेत, हे ती गिळून बसली. नागाबाईनं विचार केला. देवानं कात टाकावी, जुनं कवच नदीत सोडावं, ही रीत तिला ठाऊक होतीच. पुढच्या रविवारी यायचं ठरलं. गुरुलिंगनं दुकानातून थिनर, ब्रश आणि लाकडी पट्ट्या आणल्या. नागाबाईनं विहिरीचं पाणी घागरीनं आणून आणून दिलं, आणि आपला देव न्हातो म्हणून ओव्या म्हटल्या. कवच निघालं ते हंडाभर भरलं. आतून काळा, घडीव, चौकोनी दगड आला. एका बाजूला उर्दूत गावाचं नाव आणि आकडा, दुसऱ्या बाजूला तेच मराठीत.

राजकन्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत तिला आनंदानं रडताना गुरुलिंगनं पहिल्यांदा पाहिलं.

"काय लिव्हलंय?" नागाबाईनं विचारलं.

"निलंगा, सात मैल. निजामाच्या वेळचा मैलाचा दगड हाय, मावशी! मैलाचा म्हणून मैलोबा!"

"अन् देव?"

"देव न्हाई हो हा. कधीच नव्हता."

नागाबाईनं चांदीचे डोळे पदरात बांधले. राजकन्यानं ते पाहिलं, पण तिला त्या वेळी काही ऐकायचंच नव्हतं. रात्री तिनं पानावर लिहिलं: 'देव नव्हे, मैलाचा दगड! अंधश्रद्धेच्या थराखाली सापडला आपला इतिहास.' पोस्ट गावोगाव फिरली. दोन वर्तमानपत्रांत फोटो आला. शाळेत मुख्याध्यापकांनी शाल दिली. फाट्यावर लोक नारळ फोडायचं सोडून सेल्फी काढू लागले, आणि राजकन्याला वाटलं, एक तरी लढाई जिंकली.

मग रस्ता चौपदरी व्हायला लागला.

तिनं रस्त्याच्या कामाच्या कचेऱ्यांत फोनवर फोन केले. ऐतिहासिक दगड आहे, सांभाळून हलवा. "हो मॅडम, नक्की मॅडम," असं प्रत्येक जण म्हणाला. हो म्हणायला काय जातं? उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आणि गुरुलिंग फाट्यावर पोचले तेव्हा चिंच नव्हती, टपरी नव्हती, आणि चिंचेच्या जागी लाल मुरमाची सपाट पट्टी होती. पन्नास पावलांवर मात्र नवा कोरा चौथरा, वर मार्बल, वर स्टीलचा कठडा, आणि आत, रस्त्याच्या आड आलेला गावचा मारुती वाजतगाजत आणून बसवलेला. त्याला हार होता.

राजकन्यानं कामावरच्या सुपरवायझरला गाठलं. वीरेश नाव, भालकीकडचा पोरगेला इंजिनिअर, हेल्मेट काखेत.

"माझा दगड कुठाय?"

"कुठला दगड, मॅडम?"

"मैलाचा! चिंचेखालचा! त्या मारुतीला मार्बल करता, ब्राह्मण बोलावता, अन् दगड सांभाळायला तुमच्या हाताला लकवा मारला का? लाज वाटते का जराशी? सात पिढ्यांचं वाटोळं करायला निघालाव तुमी, मुरमात गाडून राहिलाव सगळं!" माहेरची बोली अशी उसळून आली की जेसीबीवाल्यानं मशीन बंद केलं. आपल्या बायकोचं भांडण गुरुलिंग नेहमी लांबून बघायचा, त्या दिवशी तो जवळ येऊन उभा राहिला.

वीरेश घाबरला, पण उद्धट नव्हता. त्यानं खिशातून मोबाईल काढला.

"मॅडम, आमच्या कागदावर ते देवस्थान म्हणूनच होतं. मैलोबा मंदिर. देवस्थान असलं की गावाला विचारावं लागतं, दुसरीकडं जागा द्यावी लागते, पूजा करून हलवावं लागतं. मारुतीचं तसंच केलं की. मग कुणीतरी हे दाखवलं." त्यानं पडदा तिच्यासमोर धरला. तिचंच पान, तिचाच फोटो. देव नव्हे, मैलाचा दगड. "साहेब म्हणाले, बाईंनी शोधून काढलंय, देव नाही म्हणून. मग काय अडचण? रस्त्याखालच्या मोरीच्या भरावात गेला. दोन महिने झाले."

शिव्या राजकन्याकडं कायम तयार असायच्या, पण आता त्या कुणाला द्यायच्या? समोरच्या पोराला काय म्हणणार? त्यानं दाखवलं होतं ते तिनंच लिहिलेलं होतं. मोरीच्या कडेला जाऊन ती मुरमाकडं बघत उभी राहिली. त्यात कुठं काळा तुकडा दिसतो का, हे बघता बघता ती खाली बसली आणि हुंदके देऊन रडू लागली.

पलीकडच्या शेतातून नागाबाई आली. डोक्यावर टोपलं, त्यात कडबा. कोण बसलंय हे तिनं जवळ येऊन ओळखलं.

"मावशी," राजकन्या म्हणाली, "चुकलं माझं. मला शिव्या द्या. चार द्या, दहा द्या."

"तुमाला कामून देऊ? पाणी तर मीच आणून दिलं की."

"एवढं वाटोळं झालं, अन् तुमी—"

नागाबाईनं टोपलं खाली ठेवलं. तिचा आवाज चढला नाही, पण राजकन्याच्या सगळ्या आरड्याओरड्यापेक्षा त्यात राग जास्त होता.

"अन् तुमी कशाला रडून राहिल्यात, बाई? तुमचा तर दगडच गेला."

मग तिनं टोपलं पुन्हा डोक्यावर घेतलं आणि गाड्यांकडं न बघता रस्ता ओलांडून ती घराकडं गेली.