अकरा पेट्या वारल्या

पोलोनाच्या गावात गाय मरते, कुत्रं मरतं, चांगला जातिवंत घोडासुद्धा मरतोच. मधमाशी मात्र माणसासारखी वारते. स्लोव्हेनियन बोलणारा कुणीही, कितीही प्यायलेला असो, माशी ‘मेली’ म्हणणार नाही. पोलोनाने या रीतीला स्वतःचं शेपूट जोडलं होतं: काही माणसं तिच्या तोंडी मरायचीच. मागचे सरपंच मेले. दात उपटणारा डॉक्टर मेला. तिचा नवरा लुका वारला, पण ‘मेला’ होता होता अगदी थोडक्यात वाचला.

फेब्रुवारीअखेर ऊन पडलं तेव्हा तिने पेट्या उघडल्या. चौदांपैकी अकरा गारठून गप्प. या माश्यांचा वंश तिच्या आईपासून चालत आलेला. मूठभर माश्या एप्रनच्या ओच्यात घेऊन ती तडक फादर बोश्त्यान यांच्या दारात.

“फादर, छोटी घंटा वाजवायचीय.”

फादर जवाचं सूप ओरपत होते. “अरेरे. कोण गेलं?”

“अकरा पेट्या.”

चमचा खाली आला. “पोलोनाबाई, ती घंटा बाप्तिस्मा झालेल्यांची.”

“शेजारच्या त्सेनेचा झालाय की. काय उपयोग झाला?”

“हे बघा...”

“वेदीवरच्या मेणबत्त्यांचं मेण कुणाचं, त्सेनेचं? वारलेल्याला घंटा मिळते. भाषा मी नाही केली. पटत नसेल तर रविवारपासून लॅटिनमध्ये बोला.”

फादर नाहीच म्हणाले. पण चर्चची झाडलोट एकोणीस वर्षं तिच्याकडे, म्हणून किल्लीही तिच्याच कमरेला. आज वापरली तर उद्या ती कमरेला नसणार, हे तिला ठाऊक होतं. तिने वापरली.

घंटा ऐकून गाव जेवणावरून उठलं. सर्वांत पुढे त्सेने, टोपी हातात. कुंपणावरून बारा वर्षं दोघांत अबोला.

“कोण वारलं?”

“माश्या. अकरा पेट्या.”

आता हा टोपी चढवून दोन शिव्या घालणार, म्हणून लोक थांबले. तो ओच्यात डोकावला.

“माझ्याही चार वारल्या,” तो म्हणाला. “कुणाला सांगायचं?”

पोलोनाने दोर त्याच्या हातात दिला. “ओढ. पण चारच पेट्यांपुरतं.”

गळ्यातल्या नॅपकिनसकट फादर धावत आले आणि त्यांनी हात पुढे केला. तिने किल्ली काढून दिली. मग त्सेनेकडे वळली.

“तू गेलास की वारला म्हणेन हो मी.”

त्सेनेचे डोळे पाणावले.

“त्याआधी कुंपण मात्र मागे घे. नाहीतर मेला.”