चहा सोडलेल्या माणसाची शेवटची शर्यत

आमच्या ह्यांनी टीव्हीवरच्या त्या गाड्यांच्या शर्यतीपायी चहा सोडला होता. लिंबागणेशच्या गणपतीला नवस बोलून आले, की आपला पोरगा जगज्जेता झाल्याशिवाय चहाला तोंड लावणार न्हाई. आपला म्हणजे कोण, तर त्यातली गाडी पळवणारा परमुलखातला कुठला तरी गोरा. त्याला बीड कुठं हाय तेसुद्धा माहीत नसंल. नवस ह्यांचा आणि भोग माझा. वासानं ह्यांचा जीव कासावीस होतो म्हणून मीही चहा सोडला. दिवसभर माझं डोकं ठणकायचं, आणि वर हे कोर्टातल्या नोकरीवरून आले की ह्यांची चिडचिड ऐकायची. पाहुण्यांना लिंबाचं सरबत. माझी बहीण तर यायचीच बंद झाली.

असं करत करत शर्यत एकदाची अबूधाबीला आली, वर्षातली शेवटची. रविवारची संध्याकाळ. गल्लीतले गॅरेजवाले भाई नेहमीसारखे आमच्याकडं बघायला आले. मला त्यातलं ढिम्म कळत न्हाई. पण त्या दिवशी मी आलं कुटून चहा उकळला आणि कप भरून दारातच उभी राहिले. गणपतीला म्हणलं, देवा, त्या गोऱ्यासाठी न्हाई, माझ्या चहासाठी तरी त्याला जिंकव.

शेवटच्या फेरीला हे दोघं श्वास रोखून बसले. आणि रेषेवर आधी आली ती दुसऱ्याचीच गाडी.

माझं माहेर नेकनूरकडचं, भाऊ शंकरपटात बैल पळवायचे. आमच्यात जी जोडी आधी रेषा ओलांडती तिच्यावर गुलाल, बाकीच्यांनी मुकाट घरी जायचं. मी समजले, हरला मेला. आणखी एक वर्ष बिनचहाचं. माझं डोकंच फिरलं. कप ह्यांच्या तोंडाला लावला आन् म्हणलं, "प्या. पाप लागलं तर माझ्या माथी." ह्यांची नजर टीव्हीवर, भान न्हाई, घेतला घोट. तेवढ्यात आपली गाडी तिसरी आली आणि भाई उठून नाचायलाच लागले.

मग कळलं, की तिथं वर्षभराच्या गुणांची बेरीज असती आणि आपल्याला तिसरा नंबरही पुरत होता. पोरगा जगज्जेता झाला, पण ह्यांचा घोट आधी. हे कपाळाला हात लावून बसले. नवस मोडला, आता देव कोपणार, सगळं तुझ्यामुळं, असं म्हणून माझ्यावरच घसरले. घोट आधी का तिसरा नंबर आधी, ते ताडून बघायला भाईंनी बिचाऱ्यांनी शर्यतीचा शेवट परत लावला, मला परत दारातून यायला लावलं, ह्यांना परत तोंड उघडायला लावलं. निकाल तोच. मला रडूच कोसळलं.

ते बघून भाईंना राहवलं न्हाई. "भाभी, तुमी कावून रडता? नवस तर कवाच मोडलाय. हे रोज कोर्टातून येताना माझ्या गॅरेजला दोन कप चहा पितेत."

मग घरी येऊन ती चिडचिड कशाची होती, ते मी अजून विचारतेय. त्या वेळी मात्र डोळे पुसले. ह्यांच्या हातातला कप काढून घेतला, खुर्चीत बसले आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिले. मग पातेल्यातला उरलेला आणला, तोही पिले. हे हळूच म्हणाले, "मला?"

"तुमचा पोरगा पुढच्या वर्षी जिंकला की."