चौकोनांचे फोल्डर

२००७ सालच्या ऑक्टोबरात, एका शनिवारी संध्याकाळी, मार्कहॅममधल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये माझ्या डेस्कटॉप कॉम्प्युटरची जुनी हार्ड डिस्क फॉर्मॅट करण्यात आली. तिच्यावर एका बाईंची मुलाखत होती. तिची दुसरी प्रत कुठेही नव्हती. डिस्क पुसली जात होती तेव्हा मी वरच्या मजल्यावर पोळ्या लाटत होते.

बाई सत्तरीच्या. त्यांचे यजमान भूलतज्ज्ञ डॉक्टर, आता निवृत्त. साठचं दशक संपता संपता दोघं विनिपेगला आले आणि नंतर इकडे ऑन्टॅरिओत. आमच्या मराठी मंडळात सगळे त्यांना काका-काकू म्हणत. मंडळाने त्या पिढीच्या मुलाखतींची डीव्हीडी काढायचं ठरवलं. मी नागपूरला एका दैनिकात उपसंपादक होते, म्हणून काम माझ्याकडे आलं.

काकूंची मुलाखत जूनमध्ये झाली. मुलाखतीच्या खोलीत तिसरा माणूस नको, ही मला लागलेली शिस्त. काकांना मी वॉकला पाठवलं. ते गेले आणि काकू बोलायला लागल्या. नवरा हॉस्पिटलात छत्तीस-छत्तीस तास असायचा तेव्हा त्या त्याच हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालत होत्या, हे त्यांनी माहेरी कधी कळू दिलं नाही. गाडी शिकल्या त्या दफनभूमीतल्या रस्त्यावर, कारण तिथे मागून कुणी हॉर्न देत नाही. पहिल्यांदा एकट्या गाडी घेऊन निघाल्या त्या विमानतळावर गेल्या. कुणी येणार नव्हतं. काचेशी उभं राहून त्यांनी उतरणारी माणसं पाहिली आणि परत येऊन कुकर लावला. हे काकांना माहीत नाही, असं त्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या आणि हसल्या.

काका परत आले तेव्हा कॅमेरा बंद झाला होता.

"काय काय सांगितलंस गं?"

"डीव्हीडीत बघा. तोवर चहा टाका."

कॅमेऱ्याच्या कॅसेट मंडळाच्या होत्या. मी मुलाखत कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि त्या परत केल्या. त्या ठेवून घ्या, नव्या आणा, असं मी सांगितलं होतं. कॅसेट पुन्हा वापरता येतात, असं उत्तर मिळालं. सप्टेंबरात गणपतीच्या कार्यक्रमात त्याच कॅसेटवर मुलांचे नाच रेकॉर्ड झाले.

त्याआधी, ऑगस्टमध्ये, काकू ग्रोसरी आणायला गेल्या आणि घरी परतण्याचा रस्ता त्यांना आठवला नाही. त्यांची मुलगी ऑन्टॅरिओतल्याच लंडन गावात डॉक्टर आहे. तिकडच्याच हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. निदान वेगळं सांगायची गरज नाही. हिवाळा संपायच्या आत दोघांनी मुलीजवळ राहायला जायचं ठरलं. काकांचा फोन आला.

"तुझी ती डीव्हीडी कधी होईल? घाई करत नाही, पण जरा घाई कर. ती ओळखतेय तोवर दोघांनी बसून बघायची आहे."

घाई माझ्या कॉम्प्युटरला जमत नव्हती. तो आम्ही मुलीच्या होमवर्कसाठी घेतला होता. फोटो दुरुस्त करण्यापुरता तो चालायचा, पण व्हिडिओचे दोन तुकडे जोडले की चित्र अडखळायचं. ओठ पुढे जायचे, आवाज मागून यायचा. फाइल तयार करायला लावली की यंत्र मध्येच गोठायचं. रॅम वाढवायची, नवा मदरबोर्ड आणि प्रोसेसर, बरं ग्राफिक्स कार्ड आणि एक मोठी डिस्क घालायची, असं ठरलं. जुनी डिस्क आत तशीच राहू द्यायची होती.

मी दुकानात नेणार होते. नवऱ्याने मला वेड्यात काढलं. मंडळात असल्या कामाला कुणी दुकानात जात नाही. निम्मं मंडळ सॉफ्टवेअरमधलं, त्यामुळे प्रत्येक पुरुषाला कॉम्प्युटर उघडता येतो असं समजलं जातं. तो शनिवारी बायकोमुलांसह येतो, काम करतो, जेवून जातो. जेवण हीच त्याची फी. ती भरायची बाईने.

आमच्याकडे आला तो मंडळाचा सांस्कृतिक सचिव. मूळ पुण्याचा, इथल्या एका कंपनीत मॅनेजर. दर रविवारी कम्युनिटी सेंटरमध्ये मुलांचा मराठीचा वर्गही तोच घेतो. दारातच त्याने माझ्या नवऱ्याला विचारलं, "काय रे, कशाला लागतोय एवढा पॉवरफुल?"

"व्हिडिओ एडिटिंग करायचंय," मी म्हणाले.

"अरे वा, वहिनी! म्हणजे आता वाढदिवसांचे पिक्चर निघणार." मग पुन्हा नवऱ्याकडे वळून, "चल, दाखव कुठे आहे."

जिना उतरता उतरता मी सांगितलं, "जुन्या डिस्कवर मुलाखती आहेत. त्यांना हात लावू नका."

"वहिनी, टेन्शन घेऊ नका. रोजचं काम आहे आपलं. तुमची ती भरली वांगी आहेत ना आज? मग झालं तर."

खाली काय घडलं ते मला नंतर दोघांकडून वेगवेगळं कळलं. जिथे दोघांचं म्हणणं जुळतं तेवढंच इथे लिहिते.

सचिवाने जुनी डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली. जुनी डिस्क साफ करून दिली तर एडिटिंगला जास्त जागा मिळेल, हा विचार त्याचा. त्याआधी त्यातलं सगळं नव्या डिस्कवर कॉपी करायचं होतं. मी माझ्या फोल्डरांना मराठी नावं दिली होती. मजकूर ज्या भाषेतला, त्या भाषेत त्याचं नाव, एवढंच त्यामागे होतं. त्याच्या लॅपटॉपवर मराठी लिपीची सोय कधी चालू केलेलीच नव्हती. त्यामुळे माझी नावं तिथे रिकाम्या चौकोनांच्या रांगा होऊन दिसली.

"हे काय रे?" त्याने विचारलं.

"काय माहीत. काहीतरी जुनं असेल," माझा नवरा म्हणाला.

"करप्ट दिसतंय. व्हायरस असणार. हे नको घ्यायला."

इंग्रजी नावांचे फोल्डर कॉपी झाले. त्यात मुलीचे होमवर्क होते, टॅक्सचे कागद होते, नायगाऱ्याचे फोटो होते. चौकोनांचे फोल्डर मागे राहिले आणि डिस्क फॉर्मॅट झाली. बेसमेंटपासून स्वयंपाकघरापर्यंत एक जिना आहे. त्याच जिन्यावरून त्या संध्याकाळी पापड दोनदा मागवण्यात आले. चौकोन कशाचे, हे विचारायला कुणी वर आलं नाही.

जेवताना तो खुशीत होता. "वहिनी, उद्या एक सरप्राइज आहे तुम्हाला. कॉम्प्युटर उघडाल तेव्हा कळेल."

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर क्षणात सुरू झाला. चित्र अडखळत नव्हतं. पंख्याचा आवाजही बंद झाला होता. जुन्या डिस्कवर एकच फोल्डर होता आणि तो काठोकाठ भरला होता. त्यात हिंदी सिनेमे होते. त्याने स्वतःच्या संग्रहातून माझ्यासाठी घातलेले.

मी फोन केला. पलीकडे त्याचा रविवारचा वर्ग नुकताच सुटला होता. मुलांचा गलका ऐकू येत होता.

"मुलाखती कुठे आहेत?"

"कुठल्या? अच्छा, ते चौकोनवाले फोल्डर म्हणताय का? ते करप्ट होते, वहिनी."

"ते मराठी होतं."

तो म्हणाला, "मराठीत कशाला नावं देता? कॉम्प्युटरवर सगळं इंग्लिशमध्येच ठेवायचं असतं. बेसिक आहे हे."

"तुम्ही आत्ता मुलांना काय शिकवत होतात?"

"ते वेगळं. वहिनी, तुम्ही जरा पर्सनली घेताय. एक काम करा, त्याच्याकडे फोन द्या."

मी फोन नवऱ्याला दिला नाही. ठेवला. याआधी मी रागाच्या भरात कधी फोन ठेवला नव्हता.

नवऱ्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "तो बिचारा फुकटात शनिवार घालवून गेला, आणि तू..." मुलगी दूध-सीरियलचा वाडगा घेऊन उभी होती. "मॉम, इट्स जस्ट फाइल्स. यू कॅन शूट इट अगेन."

डिस्क मी एका डेटा परत मिळवून देणाऱ्या दुकानात नेली. फॉर्मॅट केलेलं बऱ्याचदा परत मिळतं, असं तिथे सांगण्यात आलं. पण त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं असेल तर मिळत नाही. सिनेमे मुलाखतीच्याच जागेवर लिहिले गेले होते. हाती आले ते काही सेकंदांचे तुकडे, त्यात हिरव्या-जांभळ्या पट्ट्या आणि काकूंच्या सोफ्याचा एक कोपरा. आवाज नव्हता.

काकांना मी प्रत्यक्ष जाऊन सांगितलं. काकू शेजारीच वाटाणे सोलत होत्या. काका रागावले नाहीत, त्यामुळे माझा राग आणखी वाढला. मुलाखतीत काय होतं ते मी त्यांना सांगितलं: धुलाईखातं, दफनभूमी, विमानतळ. माझी टिपणं माझ्याजवळ होती.

"विमानतळावर?" ते म्हणाले. "कुणाला आणायला?"

"कुणालाच नाही."

त्यांनी एक शेंग उचलून सोलली. मग विचारलं, "हे तिने कसं सांगितलं? तिचं वाक्य काय होतं?"

वाक्य माझ्याकडे नव्हतं. वाक्य डिस्कवर होतं. काका काकूंकडे वळले. "अगं, तू विनिपेगला एकटी एअरपोर्टवर गेली होतीस?"

"कोण आलंय?" काकू म्हणाल्या.

दिवाळीच्या कार्यक्रमात डीव्हीडीचं प्रकाशन झालं. इतर मुलाखतींच्या प्रती दुसऱ्या एका कार्यकर्त्याकडे होत्या, त्या शाबूत राहिल्या. काकूंची मुलाखत 'तांत्रिक कारणामुळे' नाही, असं निवेदकाने सांगितलं. हे शब्द कार्यकारिणीने ठरवले होते. मी वेगळे लिहून दिले होते: कोणती डिस्क, कुणी पुसली, न विचारता. ते वाचण्यात आले नाहीत. कटुता नको, असं अध्यक्ष म्हणाले. त्यानंतर डीव्हीडीसाठी तांत्रिक सहकार्य केल्याबद्दल सांस्कृतिक सचिवाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्याने माइक घेतला आणि परदेशात मराठी टिकवणं ही आपल्या प्रत्येकाची जबाबदारी आहे, असं सांगितलं. टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी नवरा बसला होता. त्यानेही वाजवल्या. घरी परतताना त्याने कारण दिलं: "सगळे वाजवत होते."

त्या दिवसापासून आमच्या घरी कुणी कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलं नाही. कुणी विचारलं तर मी दुकानाचा पत्ता देते. मंडळात याला माझा ताठा म्हणतात. शब्द बरोबर आहे. डिस्क पुसली ही चूक कुणाची, हे मात्र मंडळाच्या एकाही इतिवृत्तात अजून आलेलं नाही.

जानेवारीत, काका-काकू लंडनला जाण्याच्या आदल्या आठवड्यात, मी पुन्हा कॅमेरा लावला. या वेळी काकांना बाहेर पाठवलं नाही. त्यांच्याशिवाय काकू खुर्चीत बसत नव्हत्या. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती. मी विनिपेगचं विचारलं. त्या कॅमेऱ्याकडे बघत राहिल्या. मी चादरींचं विचारलं. त्यांनी मांडीवरच्या शालीची घडी घातली, कडेला कड लावून, आणि ती काकांच्या हातात दिली. मग काका बोलू लागले. मी त्यांना जे सांगितलं होतं तेच त्यांनी सांगितलं, पत्नीकडे बघत, मध्ये मध्ये "बरोबर ना गं?" असं विचारत.

नव्या यंत्रावर ते एका बैठकीत एडिट झालं. फाइलला मी मराठीतच नाव दिलं. तिच्या प्रती दोन डिस्कवर आहेत आणि एक डीव्हीडी काकांकडे गेली. रेकॉर्डिंगमध्ये आवाज माझा आणि काकांचा आहे.