जावयाने घासलेला पलंग

वडील गेल्यावर आई दोन वर्षं चंद्रपूरच्या घरात एकटी राहिली. माझी नोकरी सिरोंच्याला, आणि मध्ये अख्खं जंगल. "माह्याकडं राह्यला ये," म्हटलं की ती म्हणायची, "पाहू." आईचं "पाहू" म्हणजे नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. पण गेल्या हिवाळ्यात जिन्यावर तिचा पाय घसरला. मोडलं काही नाही, पण शेजारणीने फोनवर मला फैलावर घेतलं आणि मी आईला. शेवटी ती कबूल झाली, एका अटीवर.

"माहा पलंग संगं येईन. अन् तिथी तो हलला, त मी वापस. हलत्या पलंगावर मले झोप येत नाई."

हलणार कशाला? सागवानी पलंग, माझ्या जन्माआधीचा. चार पाय, चार पट्ट्या, एकही खिळा नाही. पट्टीच्या टोकाला काढलेलं कुसू पायातल्या खाचेत शिरायचं, वरून एक खुंटी ठोकली की काम झालं. मी हसत हसत अट मान्य केली.

माझा नवरा मन लावून काम करणारा माणूस आहे. हे कौतुक नाही, तक्रार आहे. पलंग न्यायचाच आहे तर नवा करून नेऊ, असं त्याच्या मनाने घेतलं. चंद्रपूरच्या अंगणात त्याने पलंग सुटा केला आणि दोन दिवस सँडपेपरने घासला. बाहेरून घासला, आतून घासला, ज्या बाजू कुणाच्या बापाला दिसणार नव्हत्या त्याही घासल्या. वर वॉर्निशचे दोन हात. आई समोर शेंगा सोलत बसली होती.

"पाह्य, कसा चमकते," मी म्हटलं.

"चमकते," आई म्हणाली.

आलापल्लीच्या पुढे नाक्यावर वनरक्षकाने आमची पिकअप थांबवली. सागवान पाहिलं की त्यांचे कान टवकारतात. "जुना पलंग आहे," नवरा म्हणाला. ताज्या वॉर्निशचा वास साऱ्या नाक्यावर पसरलेला. वनरक्षकाने एकदा पलंगाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. शेवटी आईच ड्रायव्हरशेजारून खाली उतरली. "भाऊ, तू पाळण्यात होता तेव्हापासून झोपतो मी याच्यावर."

"बाई, लोकं इथून सागवान बाहेर नेतेत," तो म्हणाला, "तुम्ही आत आणून राह्यल्या." आणि त्याने फाटक उघडलं.

सिरोंच्याला नवऱ्याने पलंग जोडला, मी त्यावर बसले, आणि तो गोदावरीतल्या डोंग्यासारखा डुलला. दुसऱ्या बाजूने बसले, तिकडूनही डुलला. नवऱ्याने पायाखाली पुठ्ठा घातला. मग खाचांत चिंध्या कोंबल्या. मग गोंद ओतला, तो वाळायच्या आत सगळा खाली गळला. खिळे आणले तेव्हा आईने नुसतं पाहिलं, खिळे आल्या पावली परत गेले. आई या सगळ्यात फार गोड वागत होती. जावयाला चहा करून देत होती, "राहू द्या, थकले असान," म्हणत होती. आणि रविवारची बस किती वाजता आहे ते तिने दोनदा विचारलं.

मला मात्र रडू यायचं बाकी होतं. इतक्या विनवण्या करून आणलेली आई एका पलंगापायी जाणार, आणि पुन्हा त्या जिन्यावरून एकटी चढणार-उतरणार. शनिवारी सकाळी मी शेजारच्या गल्लीतला म्हातारा मिस्त्री बोलावून आणला. तो तेलुगू बोलणारा, मी मराठी. आमचं हिंदीत भागायचं.

त्याने पलंग सुटा केला. एकेक पट्टी उजेडात धरून फिरवली, पायांवरून बोट फिरवलं आणि आम्हा तिघांकडे पाहिलं. "गुर्तुलु एक्कड?"

खुणा कुठे आहेत, असं तो विचारत होता. मग हिंदीत समजावून सांगितलं. हाताने कोरलेला प्रत्येक जोड केसभर वेगळा असतो. म्हणून जुने सुतार एका जोडाच्या पायावर आणि पट्टीवर पटाशीने एक रेघ पाडत, दुसऱ्यावर दोन, अशा आठ जोडांवर आठपर्यंत. "हर जोड़ का घर अलग रहता, मॅडम. ये सब दूसरे के घर में बैठे."

"होत्या ना खुणा," आई खुर्चीतून शांतपणे म्हणाली. "जवाईबापूनं घासल्या."

"तुले मालूम होतं?"

"मी समोरच बसली होती ना."

"मग बोलली काऊन नाई?"

"जवायाले कोणी टोकते का?"

नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जावयाचा मान म्हणतात तो हा. त्याला खुशाल चूक करू द्यायची, वर चहा द्यायचा. पण मला हसू आलं नाही, राग आला. दोन दिवस ही बाई शेंगा सोलत गप्प बसते? मी भांडी घासायला निघून गेले आणि गरज नसताना आपटली.

मिस्त्री मात्र चिकाटीचा. खाचांच्या आत सँडपेपर पोचला नव्हता. तिथे कुसवांनी पाडलेले जुने घट्टे पाहून तो एकेक पट्टी लावून बघू लागला. दुपारपर्यंत दोन जोड जमले. तिसऱ्याला त्याने एक आखूड पट्टी पायथ्याला लावली आणि आईला राहवलं नाही.

"अरे भाऊ, ते डोक्याकडची होय. तिले गाठ आहे, दिसत नाई का?" ती उठलीच. "अन् हा पाय खिडकीकडचा. याले उंदरानं कुरतडलं होतं."

मग ती बोटाने दाखवत सांगत गेली आणि तो बसवत गेला. त्याने वाळलेल्या बांबूच्या खुंट्या तासून ठोकल्या, आणि नवऱ्याकडे रोखून पाहत पटाशीने आठ जोडांवर नव्या खुणा पाडल्या.

आई पलंगावर बसली. आडवी झाली, या कुशीवरून त्या कुशीवर वळली. काही म्हणता काही वाजलं नाही. मिस्त्री गेला, त्याला सोडायला नवराही गेला. आई छताकडे पाहत पडून राहिली.

"हलत नाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता काय सांगून जाऊ?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जावयाचा मान वगैरे असेल, पण तिला परत जायला एक कारण हवं होतं आणि जावयाने ते आयतंच घासून दिलं होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. मीच तिला शेजारणीच्या धाकाने उचलून आणलं होतं. तिला काय हवंय, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मी तिच्याजवळ बसले. "आई, कारण कायले पाह्यजे? तुले वाटन तेव्हा जाय. बस रोज आहे, मी सोतः बसवून देईन." म्हटलं खरं, पण ती खरंच उद्या निघेल असं वाटलं.

आईने भिंतीकडे सरकून मला जागा करून दिली.

"जाता येते म्हणतं ना तू," ती म्हणाली, "त मंग राह्यतो."