गाडीचे मागचे दिवे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला — त्याला सांगण्यासारखं काही उरलेलंच नाही, कारण त्याला सगळं माहीत आहे. तो फक्त बोलत नाही.

तुम्ही अनोळखी आहात म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीचा माणूस लगेच समजूत घालायला लागतो — "जाऊ द्या हो सर, होत असते असं." मला ते ऐकायचं नाही.

सुरुवात कुठून करू? दिव्यांपासूनच करतो. त्यातल्या त्यात तेवढाच भाग सोपा आहे.

मी बुलढाण्याला राहतो, कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. बडेजावाची टिंगल हा माझा जुना छंद. गावात एखाद्या पुढाऱ्याचा ताफा आला, गाड्यांच्या टपावर दिव्यांच्या रांगा झळकल्या, की दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये माझं भाष्य ऐकायला लोक खुर्च्या जवळ ओढत. उजेड डोक्यात नसला की टपावर लावावा लागतो, असं मी एकदा म्हणालो होतो. ते वाक्य कॉलेजात बरेच दिवस फिरलं. मला त्याचा अभिमान होता — आता लिहिताना कसंसंच वाटतं.

माझी स्वतःची गाडी छोटी आणि जुनी. सासरकडच्या एका लग्नाला आम्ही सगळे मागेपुढे गाड्या घेऊन गेलो होतो. उतरल्यावर माझा साडू दिलीप मांडवाच्या तोंडाशीच सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, तुमच्या मांगं गाडी चालवाची म्हंजे देवळात गेल्यासारखं वाटते. मांगचे दिवे पाह्यले का निरांजनं लावल्यासारखे दिसते. ष्टेरिंग सोडून हात जोडावं वाटते."

मंडळी हसली. मीही हसलो. वाईट काय होतं त्यात? दिलीप आहेच तसा — सोनाळ्याचा, मोठ्यानं बोलणारा, बोलून झालं की विसरणारा. पण मी विसरलो नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांची टिंगल करून मी गंमत मिळवत आलो होतो आणि माझ्यावर आलेला एक साधा विनोद मला पचला नाही. त्याच आठवड्यात मी मोबाईलवरून एलईडी बल्ब मागवले. पुढचे नाही हं — पुढचे पांढरेशुभ्र केले असते तर मीच त्या ताफ्यात जाऊन बसलो असतो. फक्त मागचे. इंडिकेटरचे आणि ब्रेकचे. बडेजावही दिसणार नाही आणि मागून येणाऱ्याला चांगलं कळेल. मागून येणाऱ्याला म्हणजे कुणाला, हे तुम्हाला समजलंच असेल.

व्हिडिओ बघत बघत मीच ते बसवले. डिकी उघडायची, दिव्याचं घर सोडवायचं, जुना बल्ब दाबून फिरवायचा, त्या जागी नवा. इंडिकेटर लावले तर ते वेड्यासारखे मिचकायला लागले. नवे बल्ब वीज इतकी कमी घेतात की गाडीला वाटतं, बल्ब उडालाच. त्यासाठी वेगळा रिले, म्हणजे मिचकवणारी छोटी डबी, घालावा लागतो. तो मी मागवला, घातला, आणि मिचकणं ताळ्यावर आलं. ते मी तातडीनं केलं — कारण ते मिचकणं शेजाऱ्यांच्या नजरेत येत होतं.

ब्रेकच्या दिव्यातली खोट मात्र सहजी कुणाच्या नजरेत येणारी नव्हती. जुन्या बल्बात दोन तारा असतात. एक मंद जळते, अंधारात गाडी दिसावी म्हणून. दुसरी ब्रेक दाबला की भगभगीत पेटते. मी मागवलेला बल्ब दोन्ही कामं करतो असं पाकिटावर छापलेलं होतं. एका संध्याकाळी मी दिवे लावून गाडीची पाठ कंपाउंडच्या भिंतीकडे केली आणि आरशात बघत ब्रेक दाबला. भिंत लाल होती, ती तेवढीच लाल राहिली. पुन्हा दाबला. थोडा फरक पडला — की पडावा अशी माझी इच्छा होती? दिवसा, दिवे बंद असताना, ब्रेक दाबला की झक्क उजेड पडत होता. मग ठीक आहे, म्हटलं. दिवे लावून मी गाडी चालवतोच किती?

म्हणजे मला माहीत होतं. हे इथेच लिहून टाकतो. पुढे गेलो तर मी ते कुठेतरी झाकून ठेवीन.

त्या वर्षी अधिक महिना पावसाळ्यात आला. सासर रोहिणखेडचं, घाटाखाली. सासऱ्यांनी धोंड्याच्या जेवणाला दोन्ही जावयांना बोलावलं. दिलीपच्या दृष्टीनं ते नुसतं जेवण नव्हतं. बरेच उद्योग करून झाल्यावर त्यानं एक जुनी व्हॅन घेतली होती. सोनाळ्याच्या आसपासच्या खेड्यांतली पोरं शाळेत न्यायची-आणायची, असं त्याच्या मनात होतं. त्या शाळेच्या संस्थेवरचे एक गृहस्थ सासऱ्यांचे मावसभाऊ. ते जेवायला येणार होते आणि सासरे त्यांच्या कानावर घालणार होते. व्हॅनच्या पासिंगसाठी दिलीप आणि वंदना, म्हणजे माझी मेहुणी, आदल्या दिवशी बुलढाण्याला आमच्याकडेच मुक्कामी आले. पासिंग झालं. दिलीप भलताच खूश होता. जेवला, आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला. त्याच्या घोरण्यानं आम्हा बाकीच्यांचीच झोपमोड झाली — हे लक्षात ठेवा.

सकाळी निघालो. पुढे मी आणि माझी बायको नंदा, मागे व्हॅनमध्ये दिलीप आणि वंदना. राजूर घाटाच्या तोंडाशी धुकं असं उतरलेलं की समोरचा कठडा दिसेना. सगळ्यांनीच दिवे लावले होते. मीही लावले. नंदाला भाजलेली कणसं घ्यायची होती म्हणून थांबलो. ती गाडीतून उतरून गेली, आणि दिलीप माझ्या खिडकीशी आला.

"दादा, तुमचा बिरेक लागला का नाई, मांगून काईच समजून नाई राह्यलं. लाल हाय तो लालच दिसते. मी होऊ का म्होरं?"

वंदना व्हॅनमध्ये काचेला डोकं टेकून झोपली होती. नंदा कणसांपाशी. हे वाक्य ऐकणारे आम्ही दोघंच.

मी काय म्हणालो? म्हणालो, "निरांजनं नको होती ना तुला? आता घे की उजेड."

तो हसला. त्याच्या लक्षात आलं, मी ते लग्नातलं अजून धरून बसलोय. थोडा ओशाळलाही. मग मी वडीलकीच्या सुरात सांगितलं, धुकं आहे, माझे दिवे बघत जवळ जवळ ये, मागे राहिलास तर चुकशील. त्या घाटात एकच रस्ता आहे. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. पण थोरला साडू मी, घाट माझ्या पायाखालचा, आणि बल्ब माझे. मी मागे कसा राहणार?

"बरं, चाला मंग," तो म्हणाला. "पर हळू जा."

पुढच्या एका वळणावर एक ट्रक बंद पडून उभा होता. मी जोरात ब्रेक दाबला. थांबलो. मागून धाडकन आवाज आला.

मी उतरून मागे गेलो तेव्हा व्हॅनचं तोंड चेपलेलं होतं, माझ्या गाडीचा एक दिवा फुटला होता आणि वंदना मनगट धरून बसली होती. दिलीप आधी तिच्याकडे धावला. मग वळून माझ्या गाडीच्या दुसऱ्या, शाबूत दिव्याकडे बघत उभा राहिला. तो अजून लालभडक जळत होता. ब्रेकवर पाय नसताना.

मोताळ्याला दवाखान्यात वंदनाच्या हाताला प्लास्टर घातलं आणि आम्ही उशिरा रोहिणखेडला पोचलो.

आता तुम्हाला त्या महिन्यातल्या जावयाबद्दल सांगायला हवं. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. सासू-सासरे त्याला पाटावर बसवतात, पाय धुतात, वाण देतात. मी दर वेळी या प्रकाराची चेष्टा करत आलो — आणि दर वेळी पाय पुढे करत आलो. त्या दिवशीही केले. मी पहिल्या पाटावर, दिलीप दुसऱ्या. समोर संस्थेचे ते गृहस्थ खुर्चीवर. सासरे ताम्हणात माझे पाय धरून बसले होते. तसेच वर बघून त्यांनी विचारलं, "कसं काय झालं हो, जवाईबापू?"

प्रश्न मला होता. दिलीपला कुणी विचारलंच नाही. मागून धडकला तो चुकला, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. कसं झालं, एवढंच हवं होतं.

इथे मी गप्प बसलो असतो तरी एक वेळ — नाही, तेही नाही. पण मी गप्प बसलो नाही. मी फार समजूतदार आवाजात म्हणालो, "त्याला काही बोलू नका, बाबा. रात्री झोप नीट झाली नसेल त्याची. परक्या जागी लागत नाही कुणाकुणाला. घाटात क्षणभर डोळा लागला असेल."

बघा, किती प्रेमळ वाक्य आहे. मी त्याची बाजू घेत होतो. आणि शाळेच्या पोरांची गाडी चालवू पाहणाऱ्या माणसाबद्दल, ती पोरं ज्यांच्या हातात आहेत त्यांच्यासमोर, याहून वाईट काही बोलता आलं असतं का? बेफिकीर म्हटलं असतं तर चाललं असतं. जोरात चालवतो म्हटलं असतं तरी. पण डोळा लागतो?

संस्थेच्या गृहस्थांनी सुपारी चघळायची थांबवली.

दिलीपनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, रागानं पाहील. राग नव्हता. तो वाट बघत होता. त्याला खरंच वाटत होतं की हे माझं अर्धंच बोलणं झालंय, उरलेलं अर्धं मी आता बोलेन — माझ्या दिव्याचं, खिडकीशी तो काय म्हणाला त्याचं. त्याचा माझ्यावर तेवढा भरवसा होता. सासऱ्याच्या घरात, पाय धुवून घेत बसलेल्या थोरल्या साडूला खोटं पाडणं त्याला जमणारं नव्हतं, आणि तशी वेळ येईल असं त्याच्या मनातही नव्हतं.

माझं पुढचं वाक्य होतं, "आई, पाय पुसायला काही देता का?"

त्याच्या चेहऱ्यावर मग काय झालं ते मला नीट लिहिता येत नाही. काही झालं असंही म्हणता येत नाही. तो दिसायला तसाच राहिला. फक्त आतून बंद झाला. सासऱ्यांनी त्याच्यासमोर ताम्हण सरकवलं तर त्यानं पाय मागे घेतले आणि म्हणाला, "माहे नका धुऊ, बाबा. वंदीच्या हाताले लागलं हाय, आज ऱ्हाऊ द्या." सगळ्यांना ते फार शोभून दिसलं.

सासऱ्यांनी शब्द टाकला नाही. टाकायचं कारणच उरलं नव्हतं. शाळेचं काम दुसऱ्या कुणाला गेलं. गावातही पसरलं — अशा गोष्टी कुणी मुद्दाम पसरवत नाही, त्या आपल्या पायांनी जातात — आणि दुसऱ्या कुणी पोरं द्यायचा प्रश्न आला नाही. त्यानं व्हॅन विकली. आता तो एका नातेवाइकाच्या खताच्या दुकानात असतो. गाडी चालवत नाही. घरच्या लग्नकार्यात कुणी चावी पुढे केली तरी ती दुसऱ्याच्या हातात देतो.

आणि मी? मी दुसऱ्या दिवशी सकाळी जुने बल्ब परत बसवले. एलईडी कचऱ्यात टाकले. नंदानं विचारलं तर म्हणालो, चांगले नव्हते.

त्यानं वंदनाला सांगितलं असेल का? नसावं. ती माझ्याशी अजून पूर्वीसारखीच बोलते, माझ्या पानात आग्रहानं वाढते. तिला वाटतं, त्या दिवशी तिच्या नवऱ्यामुळे माझीही गाडी फुटली. त्याबद्दल ती एकदा माझी माफी मागून गेली. मी ती घेतली.

यंदा अधिक महिना पुन्हा आला. परवा आम्ही रोहिणखेडला होतो. दिलीप, वंदना आणि त्यांची मुलगी गौरी एसटीनं आले. गौरी आता कॉलेजात जाते, तिला स्कूटी हवी आहे. जेवताना तो विषय निघाला. सासरे थकलेत, पण विनोद सुचतात. म्हणाले, "घे बाई गाडी, पर बापासारखी झोपीत चालवू नको."

सगळे हसले. गौरी तेव्हा आमच्याबरोबर नव्हती, तिला ती गोष्ट नीट ठाऊक नसावी. तिनं सरळ विचारलं, "बाबा, तुमी खरंच झोपले होते?"

दिलीप पानातल्या पुरणाच्या धोंड्यावर तूप घेत होता. वर न बघता म्हणाला, "हाव. लागला होता डोळा."

पोरीचं समाधान झालं नाही. बापाच्या तोंडाकडे बघून तिला ते पटलं नसेल. ती माझ्याकडे वळली. "मावसाजी, तुमी तं होते ना तिथं. तुमी पाह्यलं?"

मी म्हणालो, "मी पुढे होतो, बेटा. मला मागचं काय दिसणार?"

हे मी तेव्हा म्हणालो नाही. परवा म्हणालो.