विषाणूंचा खवा

भूमच्या एसटीत माझ्या शेजारी एक काका बसले होते, मांडीवर खव्याचा डबा. दर थांब्याला झाकण उघडून ते खवा अंगठ्यानं दाबून बघायचे आणि अंगठा चाटायचे.

"तुमी काय करता?" त्यांनी विचारलं.

"विषाणू शुद्ध करतो."

काकांनी झाकण घट्ट लावलं.

"औषधाचे आहेत हो! आजारी पोरांच्या शरीरात चांगलं जनुक पोचवतात. टाकीत वाढवलेल्या पेशी हे विषाणू बनवतात. गाळणीच्या पडद्याला विषाणू चिकटतात, घाण वाहून जाते. मग मिठाच्या पाण्यानं सोडवून घट्ट करायचे."

"म्हंजे खवाच की! उतारा किती?"

"टाकीभर द्रावणातून चमचाभर."

काकांनी कीवेनं माझ्याकडं बघितलं. "म्हैस बदला."

आजही प्रयोगशाळेत उतारा घसरला की सगळे पडद्यावर संशय घेतात. मी मात्र म्हशीवर.