पास्कलकाका आणि आमच्या गळक्या गाड्या

नवी गाडी घेतली की माणूस फोटो दाखवतो, जुनी घेतली की किस्से सांगतो. आमच्या भाईंदर पूर्वेच्या ग्रुपमध्ये सगळ्यांच्याच गाड्या सेकंडहँड, त्यामुळे फोटो कमी आणि किस्से भरपूर! एकानं सुरुवात केली की दुसऱ्याला आपला आठवतो, आणि चहा गार होतो. यातले बहुतेक किस्से काशीगावातल्या एका पत्र्याच्या शेडशी जोडलेले आहेत. ते पास्कलकाकांचं गॅरेज.

पास्कलकाका मूळचे समुद्रकाठच्या पालीचे. तरुणपणी मासेमारीच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे, मग हायवेकडे येऊन गाड्यांची करायला लागले. त्यांचा एक नियम आहे. गाडीतून तेल गळतंय अशी शंका आली, तर रात्रभर इंजिनखाली पुठ्ठा ठेवायचा आणि सकाळी तो घेऊन यायचं. डाग कुठे पडलाय, केवढा आहे, काळा आहे की तपकिरी, हे ते चष्मा कपाळावर चढवून बघणार. गाडी त्यानंतर! "पुठ्ठा आणला?" हेच त्यांचं "या, बसा".

माझा पुठ्ठा बघून ते म्हणाले होते, "गायकवाड, वरचं गॅस्केट, झाकणाखालचं रबर, गेलंय. तेल गरम पाइपच्या बाजूला उतरतंय. दोन दिवस गाडी सोडा."

मी म्हटलं, "काका, पुढच्या आठवड्यात नक्की!"

आईचे गुडघे दुखतात, तिला डॉक्टरकडे न्यायचं असतं, मुलीचा क्लास असतो. थेंबभर तेलासाठी दोन दिवस गाडी कोण सोडणार? असे चार महिने गेले.

* * *

आमच्यातले शाहभाई एकदा मोठ्या रुबाबात पुठ्ठा घेऊन आले. मिठाईच्या खोक्याचा होता. काकांनी तो उन्हात धरला, बोटानं डाग चोळला आणि परत दिला.

"ही गळती तुमची न्हाय."

"अरे, असं कसं? माझ्या गाडीखालीच तर ठेवला होता!"

"तुमची गाडी पेट्रोलची हाय. हे तेल डिझेलवाल्याचं हाय, काळं कुट्ट. वॉचमनला विचारा, रात्री गाड्या हलवल्या काय?"

हलवल्या होत्या! डाग निघाला शेजारच्या मेहतांच्या गाडीचा. आणि मेहतांशी शाहभाईंचं पार्किंगवरून तीन वर्षं बोलणं बंद. आता सांगायचं कसं? पण न सांगावं तर त्या गाडीत त्यांची नातवंडं शाळेत जातात. शेवटी शाहभाई पुठ्ठा घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले.

आता दोघं एकत्र गॅरेजला येतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोघं मिळून तिसऱ्याशी भांडतात.

* * *

जाधवचा किस्सा त्याच्यासमोर सांगायची बंदी आहे, म्हणून तो नसताना सांगतो.

जाधवनं एका रविवारी स्वतःच ऑइल चेक केलं. पट्टी पुसायला जुनं बनियन घेतलं, ऑइल बघितलं, खूश झाला, बॉनेट लावलं. बनियन आत इंजिनवर तसंच!

काशीमिऱ्याच्या सिग्नलला जळका वास यायला लागला. जाधवनं काच खाली केली आणि शेजारच्या रिक्षावाल्याला दम भरला, "भैया, तेरा इंजिन जल रहा है! पॅसेंजर को उतारो!"

रिक्षावाल्यानं शांतपणे त्याच्याकडे बघितलं. "साहब, मेरा इंजिन पीछे है. धुआँ आगे से आ रहा है. आप ही उतरो."

मग त्यानंच जाधवला गाडीतून उतरवलं आणि बाजूच्या दुकानातून आग विझवायचं लाल सिलिंडर पळवत आणलं. बनियन गेलं, गाडी वाचली. जाधव दर दिवाळीला त्या रिक्षावाल्याकडे फराळ घेऊन जातो. हे मात्र त्याच्यासमोर सांगितलेलं चालतं.

* * *

काकांचा दुसरा नियम पुठ्ठ्याहून भारी. गाडी परत घ्यायला गेलात की आधी परीक्षा! तुम्हाला सीटवर बसवणार, बरोबर कुणी असेल तर त्यांनाही. मग पुढ्यात उभे राहून ओरडणार, "धूर!"

की लगेच इंडिकेटर, गाडी कडेला, इंजिन बंद, सगळे बाहेर, लांब. आणि बॉनेटला हात लावायचा नाही. "आत हवा गेली की आग तोंडावर येते. पाणी पन टाकायचं न्हाय. तेल हाय ते, पसरतं."

बँकेतल्या वाघमारे मॅडमनी परीक्षा दिली तेव्हा सगळं गॅरेज बघत होतं. मॅडम फटाफट उतरल्या, पर्स घेतली नाही, शंभर टक्के मार्क! आणि चालायला लागल्या. शेड संपली, टायरवाला गेला, वडापावची गाडी गेली, तरी मॅडम चालतायत!

काका मागून ओरडले, "मॅडम, बस! बस झालं!"

मॅडम तिथूनच ओरडल्या, "लांब जा म्हणालात! किती लांब, ते सांगितलंत का?"

त्या दिवसापासून काका "तीस पावलं" असं सांगतात.

* * *

एकदा ब्रेकचं काम करून गाडी घ्यायला गेलो, तेव्हा बायको-मुलीसकट माझीही परीक्षा झाली आणि मी काकांना चिडवलं. "काका, एवढं तर आरटीओवालेपण विचारत नाहीत!"

काका हसले नाहीत. हात पुसत म्हणाले, "बापाच्या होडीवर इंजिनला अशीच गळती होती. बाप रोज म्हणायचा, उद्या करू. एक दिवस भर दर्यात पेटलं. वल्ली जाळी टाकून इझवलं आम्ही. बापाचे दोन्ही हात भाजले, परत कधी जाळं ओढलं न्हाय त्यानं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दर्यात होडी कडेला घेता येत न्हाय, गायकवाड. तुम्हाला रस्ता हाय, कडा हाय. दोन दिवस गाडी सोडा."

मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात."

हे लिहिताना आजही मान खाली जाते.

* * *

तो रविवार होता. ठाण्याला मेव्हण्याच्या बाळाचं बारसं होतं. गाडीत मी, बायको संगीता, मागे आई आणि बारा वर्षांची ऋचा. घोडबंदर रोडचा चढ लागला आणि संगीता म्हणाली, "कढईतलं तेल जळाल्यासारखा वास येतोय."

"पुढच्या ट्रकचा असेल," मी म्हटलं.

तेवढ्यात एसीच्या जाळीतून पांढरं काहीतरी यायला लागलं. ऋचा किंचाळली, "बाबा, धूर!"

खरं सांगतो, मला काही सुचलं नाही. हातांना सुचलं. इंडिकेटर, कडेला, इंजिन बंद. आणि मग तेच हात बॉनेटच्या खटक्याकडे गेले. संगीतानं माझं मनगट धरलं आणि हुबेहूब काकांच्या आवाजात ओरडली, "न्हाय!"

आम्ही बाहेर पडलो. ऋचा मोठ्यानं पावलं मोजत आजीला धरून निघाली. आई एरवी गुडघ्यांमुळे जिना चढायला दहा मिनिटं घेते. त्या दिवशी कशी चालली, कुणालाच कळलं नाही. आम्ही वळून बघितलं तेव्हा बॉनेटच्या फटीतून ज्वाळा बाहेर आल्या होत्या. एका टेम्पोवाल्यानं आपलं सिलिंडर आणून मारलं, कुणीतरी फायर ब्रिगेडला फोन केला. बंब आला आणि आग विझली, पण गाडीचं पुढचं अंग कोळसा झालं होतं.

मी काकांना फोन केला. कुठे आहोत तेवढं सांगितलं. वीस मिनिटांत ते स्कूटरवरून आले. मी शिव्या खायला तयार होतो, खरं तर मला त्या हव्याच होत्या. काका गाडीकडे न बघता सरळ पुढे आले आणि त्यांनी बोट दाखवत आम्हाला मोजलं. एक, दोन, तीन, चार. मग परत एकदा मोजलं. आणि रस्त्याच्या कडेला मटकन खालीच बसले.

मी त्यांच्याशेजारी बसलो. "काका, तुमच्यामुळे..." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

जरा वेळानं उठून ते आईकडे गेले. ती दगडावर बसून पदरानं वारा घेत होती.

"मावशी, लागलं न्हाय ना?"

"नाही बाबा, मला काय होतंय," आई म्हणाली. मग तिनं घाबरत घाबरत माझ्याकडे बघितलं. "आणि हे बघ, उतरताना दार हळूच लावलं मी. आपटलं नाही. तू ओरडतोस ना नेहमी."